मेमोवर मास्तरची सही

भाकऱ्या थापताना माझे हात पिठाने भरलेले असतात आणि नेमके तेव्हाच आमचे हे कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात.

"मास्तर, सही."

मास्तर म्हणजे मी. मी प्रेमला, जन्मात कधी हिरवा झेंडा हातात धरला नाय. पण आमच्या मधल्या खोलीत प्लायवूडवर एक स्टेशन हाय, आणि त्या स्टेशनाची मास्तर मी. कर्म माझं!

यांचं नाव रामनाथ. पस्तीस वर्षं रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. रिटायर झाल्यावर माणसं वाडीत पाणी घालतात, भजनाला बसतात. यांनी रूळ मांडले, फलाट केला, बोटाएवढे आठ सिग्नल उभे केले. ते हाताने पेटवायचे तोवर बरं होतं. मग पुण्याहून आमच्या पोराने, केदारने, डिजिटल कंट्रोलर पाठवला आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. आता प्रत्येक सिग्नलखाली एक सर्किटची पट्टी. तिला तिचा नंबर शिकवायचा. पट्टीवरचं बारीक बटन दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, कंट्रोलरवरून नंबर पाठवायचा, झालं. सिग्नल लाल असला की त्याच्या अलीकडे गाडी आपोआप थांबते.

झालं कसलं! सिग्नलला हात लावण्याआधी हे मेमो लिहिणार. अमुक नंबरचा सिग्नल कामासाठी बंद करतोय, वेळ अकरा वाजून सात मिनिटं. त्यावर मास्तरची सही. काम झालं की चालू करतोय म्हणून दुसरा मेमो, दुसरी सही. एका सकाळी मी अकरा सह्या केल्या. डाळ करपली ती वेगळीच.

"अहो, खेळणं हाय ते!"

"सहीशिवाय पाना लावायचा नाय," हे म्हणाले. नाकावरचा चष्मासुद्धा हलला नाय.

त्यात नंबरांचा घोळ. केदारने फोनवर पट्टीबरोबरचा माहितीचा कागद वाचून दाखवला. एकेक पट्टी दोन-दोन नंबर धरते, म्हणून मध्ये एक नंबर सोडून द्या, एक, तीन, पाच. हे ऐकतील तर ना! खऱ्या खांबांवर एक, दोन, तीन, चार होते, म्हणजे इथेही तेच. मग काय, दोन नंबरला हिरवा दिला की तीन नंबर उगाचच लाल. तीन आठवडे हाच तमाशा. केदारनेही शेवटी हात टेकले.

मी चिडते, ओरडते, आणि सही करते. कारण मला ठाऊक हाय हे असं का वागतात.

अकरा वर्षांपूर्वी हे एका छोट्या स्टेशनावर ड्यूटीला होते. एक सिग्नल बिघडला, गाडी यायला दहा मिनिटं. तिथले मास्तर नागोराव म्हणाले, "लिहीत काय बसतोस? खोल तू, मी सांगतो ना." यांनी खोलला. काम लांबलं, गाडी बाहेर पाऊण तास अडकली. चौकशी लागली तेव्हा नागोराव साहेबांपुढे म्हणाले, मी असं काही सांगितलंच नाही. मेमो नव्हता, सही नव्हती. यांची बढती गेली ती गेलीच. लोकांच्या तोंडी 'मनाला येईल तसं काम करणारा माणूस' झाले. आमचे हे! जे घड्याळ बघून पाणी पितात!

आणि मागच्या महिन्यात त्याच नागोरावांचा फोन. आता सालवडला मुलाकडे राहतात म्हणे. तुझ्या या खेळण्यातल्या रेल्वेच्या लेआउटबद्दल ऐकलं, बघायला येऊ का? हे म्हणाले, "ये रविवारी."

"त्याला घरात घेणार तुमी?" माझ्या अंगाची नुसती आग झाली.

"माझ्यासमोर त्याने एकदा म्हणावं, मी सांगितलं होतं. मला दुसरं काय नको."

"आणि नाय म्हणाला तर?"

हे उठून रूळ पुसायला लागले.

रविवारी नागोराव आले. काठी टेकत, पार वाळलेले. मनात ठरवलं होतं, पाणीसुद्धा देणार नाय. पण दारात बघितलं आणि मुकाट्याने तांब्या आणला. हे लेआउटबद्दल सांगत बसले, नागोराव मान हलवत बसले. जुन्या गोष्टीचं दोघंही नावच काढीनात. अर्धा तास गेला. मला वाटलं, आता चहा पिऊन हा माणूस उठणार आणि आमचे हे जन्मभर असेच कुढणार.

यांनी गाडी सोडली. दोन नंबरला हिरवा दिला. तीन नंबर लाल झाला, आणि गाडी स्टेशनाबाहेर थांबली.

मी कपाळावर हात मारला. यांनी मेमो लिहिला. मी सवयीने पेन घ्यायला पुढे झाले, तर यांनी कागद माझ्यापुढून नेऊन नागोरावांसमोर ठेवला.

"आज मास्तर घरात हायत," हे म्हणाले.

नागोराव हसले. "अरे, खेळण्याला कसला मेमो? खोल तू, मी सांगतो ना."

यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. आवाज अजिबात चढवला नाय.

"तेव्हाही असंच म्हणाला होतास."

मी पदर तोंडाशी धरून उभी. नागोराव त्या थांबलेल्या गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. म्हणालो होतो." काठी बाजूला ठेवत म्हणाले, "आमच्या मुलीचं, सपनाचं लग्न महिन्यावर आलं होतं. सस्पेंड होईन म्हणून घाबरलो. साहेबांसमोर खोटं बोललो, वहिनी."

माझ्याकडे कशाला बघता, असं तोंडावर आलं होतं. सांगायचं तर यांना सांगा. पण त्यांनी पेन उचलला होता. सही दोन ओळींत पसरली.

यांनी कागद हातात घेऊन नीट बघितला आणि परत त्यांच्यापुढे सरकवला.

"वेळ टाक," हे म्हणाले.

नागोरावांनी भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ टाकली. आणि मग आमचे हे प्लायवूडची कडा धरून रडायला लागले. छत्तीस वर्षं संसार केला, सासरे गेले तेव्हाही या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं मी. नागोराव खाली मान घालून बसून राहिले. गाडी पुढे न्यायचं कोणाच्याच लक्षात आलं नाय.