औषध काहीच नाही, फक्त गॅसची गोळी

“गॅस्ट्रिन फार वाढलंय. असं कधी कधी गाठीमुळे होतं,” नागपूरचे पोटाचे डॉक्टर रिपोर्ट वाचत म्हणाले. गाठ हा शब्द कानावर पडला आणि पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. बाजूला बसलेल्या माझ्या बायकोनं, सुनंदानं, माझा हात घट्ट धरला.

मी नागपूरकडच्या शहापूरचा. वरठीच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी. पोटात जळजळ आणि दुखणं वाढलं म्हणून एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पोटाची तपासणी झाली. आत बारीक फोडांसारखं काही दिसलं, म्हणून ही रक्ततपासणी. औषधं कोणती चालू आहेत, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. “काहीच नाही,” मी छाती फुगवून सांगितलं होतं. बीपी नाही, शुगर नाही.

डॉक्टरांनी आता तेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा नकारार्थी मान हलवली.

“हे रोज सकाळी गॅसची गोळी घेतेत ना, डॉक्टरसाहेब,” सुनंदा म्हणाली. “सहा वर्सं झाले.”

मला रागच आला. “ते काय औषध होय का? कारखान्यात सारेच घेतेत!”

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. रिपोर्टच्या पाठीवर त्यांनी पोटाचं चित्र काढून दाखवलं. अन्नाचा वास आला, घास चावला, की व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूतून पोटाकडे जाणारी नस, जठराला खबर देते. मग जठर गॅस्ट्रिन सोडतं. हे हार्मोन, म्हणजे रक्तातून जाणारा निरोप: आम्ल तयार करा. आम्ल पुरेसं झालं की सोमॅटोस्टॅटिन नावाचं दुसरं हार्मोन गॅस्ट्रिनला थांबवतं.

“तुमच्या गोळीनं आम्लच दाबलं. मग गॅस्ट्रिनला थांबवणार कोण?”

गाठ नाहीच, असं मात्र ते म्हणाले नाहीत. गोळी बंद ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू, गॅस्ट्रिन उतरलं तर दोष गोळीचाच, म्हणाले.

ते दिवस वाईट गेले. गोळी नसल्यानं वाढलेल्या गॅस्ट्रिनला आम्ल बनवायला आता रान मोकळं होतं. डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध घेतलं तरी फोडणीच्या नुसत्या वासानं पोट पेटायचं. सुनंदानं मागच्या अंगणात चूल मांडली आणि भर उन्हात तिथंच स्वयंपाक करू लागली. मी आत पडून एकच हिशोब करायचो, गाठ की गोळी.

दुसरा रिपोर्ट नॉर्मल आला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी चक्क रडलो.

तुम्हीही गोळी घेत असाल तर मनानं बंद करू नका. पण डॉक्टरांनी औषधं विचारली की खिशातली ती गोळ्यांची पट्टीही काढून दाखवा. माझ्या जागी सुनंदा बोलली, म्हणून मी पुढच्या तपासण्यांच्या फेऱ्यातून वाचलो.

त्या संध्याकाळी ती सवयीनं कढई घेऊन अंगणात निघाली.

“आज घरातच दे फोडणी,” मी म्हणालो.

“पोट जळन ना तुमचं.”

“जळू दे. गाठ नाही ना!”

तिनं कढई आतल्या गॅसवर ठेवली, आणि पदर डोळ्यांना लावला.