बागूल सरांची बाबागाडी

बागूल सरांच्या शेजारी बसून सिनेमा पाहणं ही शिक्षाच होती. पडद्यावर जिना दिसला की ते खुर्चीच्या कडेला सरकायचे. सिनेमा मारामारीचा असो की नवरा-बायकोच्या भांडणाचा, जिना आला की सरांचा श्वास अडकलाच म्हणून समजा. त्या जिन्यावरून एखादी बाबागाडी सुटली आणि कुणीतरी ती मधेच धरली, की सर स्वतःशीच पुटपुटायचे, "वाचलं." पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे. सरांना त्याचं काही सोयरसुतक नसायचं.

माझी त्यांची ओळख धंद्यातून झाली. पंचवटीत माझं लहानसं दुकान आहे, मी लग्नाचे व्हिडिओ जोडते. नाशिकमधल्या निम्म्या नवऱ्या मुलींचं रडणं मी कापलंय आणि उरलेल्या निम्म्यांचं लांबवलंय. एका दुपारी हे भूगोलाचे निवृत्त मास्तर पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आले. कडक इस्त्रीचा सदरा, पायात मात्र रबरी चपला. "यातले तुकडे एकापुढे एक जोडून हवेत," म्हणाले. "संगीत घालू नका. नटवू नका."

मला वाटलं, नातवाचं बारसं असेल. उघडून बघते तर पहिलाच तुकडा शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका परदेशी मूकपटातला. लांबच लांब दगडी जिना, वरून बंदुका घेतलेल्या शिपायांची रांग उतरतेय, माणसं जीव घेऊन पळताहेत. एक आई गोळी लागून कोसळते आणि तिच्या धक्क्याने बाळाची गाडी पायऱ्यांवरून सुटते. गडगडत, हेलपाटत खाली येते, शेवटी कलंडते, आणि तिथेच तो प्रसंग तुटतो. बाळाचं काय झालं ते दाखवतच नाहीत.

बाकीचे सगळे तुकडे त्या प्रसंगाच्या नकलांचे होते. जगभरच्या लोकांनी या एका गाडीमागे इतकी वर्षं धाव घेतली आहे हे मला त्या दिवशी कळलं. कुणी आदराने नक्कल केलेली, कुणी टिंगल म्हणून. गुंडांच्या सिनेमात गोळीबाराच्या मधोमध गाडी सुटलेली, दक्षिणेतल्या एका सिनेमात गाडीऐवजी आजोबांची चाकाची खुर्ची, कार्टूनमध्ये गाडीत बाळाऐवजी कुत्र्याचं पिल्लू, आणि कुठल्याशा जाहिरातीत तर बाळच उठून ब्रेक लावतं. त्या जाहिरातीला मी खो खो हसले. सर हसले नाहीत. "हसायला हरकत नाही," म्हणाले, "पण बाळ शेवटी कुठे गेलं ते नीट पाहिलंस का?"

पुढे मी त्यांच्या चित्रपट मंडळात ओढली गेले. मंडळ म्हणजे एका वाचनालयाचा हॉल, रविवार सकाळ, दहा-पंधरा निवृत्त माणसं आणि चहाच्या आशेने येणारी कॉलेजची चार पोरं. सर तिथे वर्षातून एकदा ही गाड्यांची माळ दाखवायचे आणि नंतर बोलायचे. बोलणं भूगोलाच्या तासासारखंच, छडी नकाशावर ठेवल्यासारखं. "मूळ सिनेमा काढणारा माणूस निष्ठुर," ते सांगायचे. "गाडी कलंडली आणि हा दुसरीकडे बघायला लागला. पण मागून आलेल्या एकालाही ते सोसलं नाही, बघा. प्रत्येकाने कुणाला ना कुणाला तरी धावायला लावलंय. कुणी पायाने अडवली, कुणी दोरी टाकली. नक्कल करणाऱ्याला दया येते." टिंगलीबद्दलही त्यांचं मत ठरलेलं होतं. "अंधारातून जाताना माणूस मोठ्याने गाणं म्हणतो ना, ते म्हणजे विडंबन. हसतोय म्हणजे भ्यालाय."

मंडळातले लोक त्यांना प्रेमाने 'बाबागाडी सर' म्हणत. मीही म्हणायचे. एखाद्याला पोस्टाच्या तिकिटांचा नाद असतो, यांना हा आहे, असंच वाटायचं. मग एकदा त्यांच्या घरी काहीतरी देण्याच्या निमित्ताने गेले आणि बोलता बोलता सरळ विचारलं, "सर, एवढं त्या गाडीचं काय घेऊन बसलात?"

सरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत त्यांच्या पत्नी सुमनकाकू कांदा चिरत होत्या. त्या न वळताच म्हणाल्या, "सांगा तिला. आज ना उद्या कळणारच आहे."

सरांचं घर मूळ येवल्याचं. वडील पैठणीच्या मागावर बसायचे. सर लहान असताना कसल्याशा पर्वणीला सगळं कुटुंब एसटीने नाशिकला आलं होतं. गोदावरीच्या घाटावर मुंगीला जागा नव्हती. आई-वडील पाण्यात उतरले, आणि आईने चार वर्षांच्या मंगलला सरांच्या हाती दिलं. "तिचं बोट सोडू नकोस," एवढंच सांगून ती गेली. वरून गर्दीचा लोंढा आला तेव्हाही सरांनी बोट सोडलं नव्हतं. पण चड्डीचा नाडा सुटला. तो बांधायला त्यांनी हात मोकळा केला. नाडा बांधून बघतात तर शेजारी मंगल नाही.

"मेली असती तर मिळाली असती," सर म्हणाले. "पाण्यात नाही, पायऱ्यांवर नाही, चौकीत नाही. भोंग्यावरून नाव पुकारून पुकारून तो पोलीस थकला. वडील कितीतरी दिवस येवल्याहून येत राहिले. आई मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं." मूकपट त्यांनी तरुणपणी कुठेतरी पाहिला. गाडी कलंडली, प्रसंग तुटला, आणि त्यांना चक्क घेरी आली. आपलंच आयुष्य कुणीतरी पडद्यावर लावलंय असं वाटलं. शेवट सोडून सगळं.

त्या दिवसानंतर 'बाबागाडी सर' हे शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत.

मग मंडळातल्या पोरांनी एक टूम काढली. आपणही नक्कल करू या, नाशिकची, घाटाच्या पायऱ्यांवर. मी त्यांना गप्प करणार तेवढ्यात सरच म्हणाले, "करू या. पण एक अट. आपल्या सिनेमात गाडी कुणी धरायची नाही. सरळ पाण्यात गेली पाहिजे." हॉलमधून बाहेर पडताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "मला शेवट बघायचाय. एकदा ती बुडालेली डोळ्यांनी पाहिली की मी सुटेन. मग पुन्हा तुम्हाला जिन्यांचा त्रास देणार नाही." मी कॅमेरा घेतला.

एका आडवारी सकाळी आम्ही घाटावर जमलो. जुन्या बाजारातून आणलेली बाबागाडी, तिच्यात दुपट्यात गुंडाळलेला तांबडा भोपळा, त्याला टोपडं, आणि कुणा वात्रट पोराने काजळाची तीटही लावलेली. सर खाली, पाण्याच्या अगदी जवळच्या पायरीवर बसले. मी त्यांच्या शेजारी. वरून पोराने गाडी सोडली.

चार पायऱ्याही उतरली नसेल. एका भाजीवालीने डोक्यावरची मेथीची पाटी भिरकावली आणि अंगच झोकून दिलं. डावीकडून एक गुरुजी ओल्या धोतरानिशी झेपावले. नारळ विकणारा, रिक्षावाला, कोण कोण आलं कळलंच नाही. गाडी हवेतच धरली गेली. बाईने घाईघाईने दुपटं उघडलं, भोपळा पाहिला, आणि मग आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "मेल्यांनो, लेकरू समजून धावले ना मी! गुडघा फुटला माझा! थट्टा लावलीय का?"

पोरांनी माफी मागितली, मेथी गोळा करून दिली, मावशींच्या गुडघ्याला हळद लावली. मग सगळ्यांना ओरडून सांगितलं, शूटिंग आहे, आत भोपळा आहे, कुणी धावू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडी पुन्हा सुटली. आणि पुन्हा धरली गेली. या वेळी कुणी नवखा यात्रेकरू होता, त्याने काही ऐकलंच नव्हतं. पण त्याच्या बरोबरीने, लंगडत लंगडत, त्याच भाजीवाल्या मावशीही गाडीपर्यंत पोहोचल्या होत्या.

"मावशी, आता तर तुम्हाला माहीत होतं ना, भोपळा आहे म्हणून?" पोरगं रडकुंडीला आलं.

"माहीत हाय रे बाबा," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "पण पाय ऐकत नाय."

त्या सकाळी गाडी पाण्यापर्यंत गेलीच नाही. आम्ही जागा बदलली, कडेच्या पायऱ्या घेतल्या, तरी कुणी ना कुणी उगवायचंच. पोरं वैतागली. मी हसत होते. सर मात्र हसत नव्हते. ते उठले, मावशींजवळ गेले आणि हात जोडून विचारलं, "बाई, तुम्ही का धावलात?"

मावशींना प्रश्नच कळेना. "का म्हंजे? लेकरू पडतंय अन् बघत बसायचं का?"

सर माझ्याकडे वळले. म्हणाले, "म्हणजे तेव्हाही कुणीतरी धावलं असेल गं. कुणीतरी उचललं असेल तिला."

मला वाटलं, सर सुटले. त्या आनंदात मी सगळ्यांना मिसळ खिलवली. किती मूर्ख होते मी!

आजवर सर बहीण मेली असं धरून शोक करत होते. त्या दिवसापासून ते जिवंत बहीण शोधायला लागले. रोज संध्याकाळी घाटावर जायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे न्याहाळायचे. मंगलच्या उजव्या भुवईवर खोक होती, लहानपणी मागाचं लाकूड लागून पडलेली. तेवढीच खूण. एखादी बाई पदर पुढे ओढून चालली असेल तर सर वाकून तिच्या कपाळाकडे बघायचे. एकदा एका बाईच्या मुलाने त्यांना ढकलून दिलं, कोपर सोलवटून घरी आले. मी रागावले तर म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. आईकडे असं कुणी बघितलं तर मीही ढकललं असतं." बाबागाड्यांची माळ त्यांनी पुन्हा कधी दाखवली नाही. विचारलं की म्हणायचे, "पडद्यावरच्या पोरांना सांभाळायला माणसं आहेत."

सुमनकाकूंनी मला एकदा चांगलंच फैलावर घेतलं. "इतकी वर्षं मेलेल्या नणंदेबरोबर संसार केला मी," त्या म्हणाल्या. "तिचा फोटोही नाही घरात, तरी ताटावर बसायची आमच्या. पण गप्प बसायची. तुम्ही लोकांनी तिला जिवंत केलंत. आता ही जिवंत नणंद जास्त जाचते. म्हातारा रोज बायका बघायला जातो असं सांगू का सोसायटीत?" बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि लगेच डोळ्याला पदरही लावला. मला फार लाज वाटली.

सर मागच्या थंडीत गेले. घाटावरून आले, पाणी मागितलं, आणि काकू पेला घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला आम्ही घाटावर जमलो. मूलबाळ नसल्याने येवल्याचा पुतण्या क्रियेला बसला होता. पिंड मांडला, सगळे मागे सरकले. भिंतीवर कावळे भरपूर होते, पण एकही खाली उतरेना. मेलेल्या माणसाचं मन कशात अडकलेलं असलं की कावळा शिवत नाही, मग त्याला वचन द्यायचं, ही आपली रीत. पुतण्या म्हणाला, "काका, काकूंना मी अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. मंडळाचे अध्यक्ष खाकरून म्हणाले, "सर, मंडळ बंद पडू देणार नाही." एक कावळा उडून लांब जाऊन बसला. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, की सर, मी बघत राहीन. पण मला धीर झाला नाही. ऊन वाढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववायच्या तयारीला लागले.

तेवढ्यात काकू उठल्या. पिंडाजवळ गेल्या, आणि रोज जेवायला हाक मारायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "अहो, मंगल सापडली."

कावळा आला. उतरला, शिवला आणि गेला. पुतण्या हमसून रडायला लागला.

परतताना रिक्षात काकू आणि मी दोघीच होतो. न राहवून मी म्हणाले, "काकू, सरांशी खोटं बोललात तुम्ही."

"खोटं कसलं?" काकू म्हणाल्या. "तिकडे भेटली असेल, तर खरंच सापडली. नसेल भेटली, तर ती इथे जिवंत आहे, हे तर कळलंच असेल त्यांना." मला वाटलं, बोलणं संपलं.

"थकली असेल गं आता," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखत असतील. कधी आलीच शोधत, तर मागच्या खोलीत कॉट टाकीन. खणानारळाने ओटी भरीन. भाऊ गेला म्हणून काय झालं? वहिनी आहे ना. माहेर आहे तिला अजून."