राजीखुशीचा नकार

बोरीकडच्या एका संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापक नेमायची न्यारीच रीत आहे. कायदा म्हणतो, नोकरीत सगळ्यांत जुना असेल त्याला खुर्ची. संस्थेचे अध्यक्ष व्यंकटराव म्हणतात, "कायदा कशाला मोडायचा? जुन्यालाच नको म्हणू द्या." मग पहिला नंबर लेखी नकार देतो. दुसऱ्याच्या गळ्यात हार पडतो, आणि तो दुसरा, काय योगायोग पाहा, व्यंकटरावांच्या घरातलाच निघतो. पहिल्याची समजूत काढायला जातो तिसरा. बिचाऱ्याला पुढची खुर्ची कबूल केलेली असते ना!

यंदा गणिताच्या सुकेशनीबाई पहिल्या नंबरवर आल्या. झरीच्या तात्यारावांची ही लेक. बाप दुसऱ्याच्या रानात राबून गेला. आई सुलाबाईनं "माझी पोरगी हेडबाई व्हायलीय" असं गल्लीभर करून टाकलं, शेजारणीशी त्यावरून भांडणही उकरलं. दुसऱ्या नंबरवर होती व्यंकटरावांची सून राजेश्री.

तिसरे नागनाथसर साडी अन् नारळ घेऊन बाईंच्या दारात हजर.

"बाई, तुमचा बीपी लय वाढायलाय म्हणं. कशाला ही डोकेदुखी?"

बाईंनी ही चाल लगेच ओळखली. कारण मागच्या खेपेला तिसऱ्या नंबरवर त्याच होत्या. सितारामसरांच्या घरी शाल घेऊन त्याच गेल्या होत्या, नकारावर साक्षीदाराची सहीही त्यांचीच होती, आणि खुर्ची व्यंकटरावांच्या मेव्हण्याला मिळाली होती.

बाई तडक सितारामसरांकडे गेल्या. म्हातारा ओसरीवर शेंगा फोडत होता.

"सर, माझ्यासंगं शिक्षणाधिकारी साहेबांकडं चला. नकार कसा घेतात ते सांगा."

"सांगतो की. पण शाल घेऊन कोण आलतं म्हणून इचारतील. कुणाचं नाव सांगू, बाई?"

बाई उठल्या. म्हाताऱ्यानं बसाही म्हटलं नाही.

शेवटी बाईंनी नकार लिहून दिला. आता परभणीला शिक्षणाधिकाऱ्यांसमोर तो तोंडीही सांगायचा होता. साहेब भला माणूस. त्यानं व्यंकटरावांना बाहेर बसवलं, दार लोटलं.

"बाई, कुणी भरीस घातलंय का? निर्धास्त बोला. हा नकार मी आत्ता फेटाळतो."

खुर्ची अशी हातभर अंतरावर आली. बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब सहज म्हणाले, "सितारामसरांच्या वेळी तुम्हीच साक्षीदार होतात ना? तो तरी राजीखुशीचा होता?"

झालं. आपल्यावर जबरदस्ती झाली म्हणावं, तर सरांवरची आधी कबूल करावी लागणार.

"होय साहेब," बाई म्हणाल्या. "तोही. आणि हाही."

सोमवारी राजेश्रीमॅडमला हार पडला. सुलाबाईनं दार लावून घेतलं, चार दिवस ती पाण्यालाही बाहेर आली नाही. शाळेत टाळ्या चालू असताना नागनाथसर बाईंच्या कानाला लागले.

"बाई, मॅडमनंतर माझाच नंबर ना? व्यंकटरावदादांनी सबद दिलाय."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"तुमचाच की, सर," त्या म्हणाल्या, आणि टाळ्या वाजवू लागल्या.