गोड बोलणारे केळीवाले

आमच्या केळी उत्पादक गटात मी हिशेब बघतो आणि अध्यक्ष व्यापाऱ्यांशी भांडतात. ही वाटणी पहिल्यापासूनची आहे. अध्यक्षांना सगळे काका म्हणतात. त्यांची बाग फोपनारला. गटाचं ऑफिस म्हणजे बुऱ्हाणपुरातल्या माझ्या घराची पुढची खोली: टेबल, कॉम्प्युटर आणि खुर्च्या. त्यातली एक खुर्ची डुगडुगते. ती आम्ही व्यापारी आले की त्यांना देतो.

भांडतात म्हणजे काय, ते सांगायला हवं. उत्तरेकडचा शेठ फोन करून भाव बोलतो. तो ऐकून काका काही क्षण गप्प राहतात आणि मग एकदम गरजतात, "सेठ, केला लेने को फोन किया कि मजाक करने को?" तिकडून शेठही तेवढ्याच जोरात ओरडतो. काका म्हणतात, आजपासून तुमचं तोंड पाहणार नाही. शेठ म्हणतो, तुमचा केळा बकरीसुद्धा खाणार नाही. यानंतर एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी होते आणि भाव ठरतो. ठरणारा भाव दोघांनाही सुरुवातीलाच माहीत असतो. मी एकदा म्हणालो, "काका, मग तो भाव आधीच का सांगत नाही?"

"भाऊ, तू आपला हिशेबच बघ."

मग काकांचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरांनी ओरडायला मनाई केली. काकूंनी नुसत्या मनाईवर विश्वास न ठेवता सरळ फोनच काढून घेतला.

आता व्यापाऱ्यांना उत्तरं कोण देणार? माझी बायको शाळेत शिकवते. प्रश्नपत्रिका काढायला ती एआय वापरते. ती म्हणाली, "त्याला सांगा की. आलेला मेसेज टाकायचा, उत्तर तयार." मला कल्पना आवडली. आधी मी त्याच्याकडून बँकेला एक पत्र लिहून घेतलं, मग पीकविम्याच्या ऑफिसला एक. दोन्ही ठिकाणांहून चक्क उत्तर आलं. बँकेच्या साहेबांनी तर मला चहा पाजला. मी प्रत्येक वाक्य तपासल्याशिवाय पुढे पाठवत नसे, पण खोडण्यासारखं काही सापडतच नव्हतं. ना आरडाओरडा, ना चुकीचा आकडा. व्यवहार असाच असावा, असं माझं आधीपासूनचं मत होतं.

नेमकी काकांचीच बाग कापणीला आली. केळीचा घड तयार झाला की थांबत नाही. तो हिरवा असतानाच कापून ट्रकमध्ये भरावा लागतो. झाडावर पिवळा पडायला लागला की लांबचा व्यापारी त्याला हात लावत नाही. मग तो गावात ढकलगाडीवर मिळेल त्या भावाने जातो. काकांचं वर्षभराचं काम त्या बागेत उभं होतं.

शेठचा मेसेज आला, "रेट ज्यादा है. कम करो."

मी तो मशीनला दिला. मशीनने लिहिलं, "आदरणीय महोदय, आपके बहुमूल्य सुझाव के लिए हार्दिक आभार. हम आपकी चिंता भलीभांति समझते हैं." पुढे भाव का योग्य आहे ते मुद्देसूद मांडलं होतं. मी वाचून खूश झालो आणि पाठवून दिलं.

शेठ गप्प. दुसऱ्या दिवशी विचारतो, "माल ठीक है ना?"

मशीन म्हणालं, "आपका प्रश्न अत्यंत उचित है." आणि मालाचं आणखी कौतुक केलं.

शेठ साफ गप्प. ट्रक नाही, मेसेज नाही. काका रोज बागेत जाऊन घड चाचपून येत आणि माझ्यासमोर मुकाट्याने बसत. ते गप्प बसलेले बघवत नव्हतं.

शेवटी गटातला जसोंडीचा एक शेतकरी आला. त्याला शेठचा फोन आला होता. "शेठ विचारतो, फोपनारवाल्यांकडे कोणी वारलं का? म्हणे, शिव्या नाहीत, काही नाही, नुसते आभार मानून राहिले. बागेत रोग पडला असेल, म्हणून गोड बोलतात."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे.

मी मशीनला लिहिलं, आता कडक शब्दांत भांड. त्याने लिहिलं, "महोदय, आपके मौन से हमें गहरी वेदना हुई है." मी म्हटलं, अजून कडक. त्याने 'गहरी'च्या जागी 'अत्यंत गहरी' केलं. तेही पाठवलं. शेठकडून हात जोडलेलं चित्र आलं.

मग मी स्वतः फोन लावला. आवाज चढवून खताचा खर्च, पाण्याचा खर्च, मजुरी, असं एकेक सांगू लागलो. शेठने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आप मास्टर हो क्या?"

काका शेजारीच होते. त्यांची मान लाल व्हायला लागली. ते फोनकडे हात करणार, तेवढ्यात काकूंनी तो माझ्या हातातून घेतला. काका ओरडू नयेत म्हणून त्या हल्ली त्यांच्यासोबत ऑफिसला येत आणि दाराजवळ मेथी निवडत बसत.

"सेठ! मेरे आदमी को बीपी की गोली चालू करवा दी, अब केला भी सड़ाओगे क्या?"

मग शेठचा आवाज सबंध खोलीत ऐकू आला, "अरे भाभीजी! जान में जान आई! मैं तो समझा, बाग गई!"

"बाग जाए तुम्हारे दुश्मन की! ट्रक भेजते हो कि मैं आऊँ उधर, तुम्हारी माँ से बात करने?"

पुढचं मी लिहीत नाही. काकूंनी मेथीची जुडी हलवत शेठच्या दुकानाचा, वजनकाट्याचा आणि मागच्या वर्षी त्याने पाठवलेल्या मिठाईचा समाचार घेतला. काका गाण्याच्या बैठकीत बसल्यासारखे डोळे मिटून ऐकत होते. मध्येच मला म्हणाले, "इथं जरा थांबायला पाहिजे होतं हिने." काकू थांबल्या नाहीत. मग त्यांनी शेठच्या सुनेला कितवा महिना आहे ते विचारलं आणि भाव ठरवून टाकला.

ट्रक आला तेव्हा घड अजून हिरवे होते. मजूर घड खांद्यावरून आणून देत होते आणि काकू ट्रकच्या सावलीत उभ्या राहून ड्रायव्हरला चहा देत होत्या. तोवर गटात ठरून गेलं होतं: बँक आणि सरकारी ऑफिसं मशीनकडे, व्यापारी काकूंकडे.

काका मला बांधावर बाजूला घेऊन गेले.

"कितीनं गेला?"

मी भाव सांगितला. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी ताडून पाहिलं.

"मी असतो तर एवढाच मिळाला असता ना?"

त्यांची तब्येत, वय, डॉक्टर, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. पण मी हिशेब बघतो.

"नाही काका. थोडा कमी."

काका ट्रककडे वळले. एका मजुराने घड जरा आदळला, तसं ओरडायला त्यांनी तोंड उघडलं. पण काकूंचा आवाज त्याआधीच पोहोचला होता.