किती हंडे भरले?

वंदनाची आणि माझी शेवटची भेट बुलढाण्याच्या दवाखान्यात झाली. हाताला सुई, तोंडाला चव नाही, आणि बाईसाहेब उशीला टेकून मोबाईलवर बोट फिरवत बसलेल्या. मी डब्यात भाकर अन् वांग्याचं भरीत नेलं होतं, त्याच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सलाईन बदलायला आलेली नर्स वाकून पाहत म्हणाली, "मॅडम, दिवसभर कोणता गेम खेळता हो तुमी?" तर ही हसली. "गेम नाही व ताई, माहं गाव हाय हे." आणि मग त्या अनोळखी पोरीला तिनं आमची एकेक गल्ली दाखवली. गल्लीवर बोट ठेवलं की ती उघडते, आज तिथं पाणी किती वाजता सुटलं, कोणाच्या घरी किती आलं, मागच्या आठवड्यात काय झालं, सगळं दिसतं. नर्स म्हणाली, "आमच्या कॉलनीचंबी करून द्या न असं." वंदना म्हणाली, "बरी झाली का देते." अकरा दिवसांनी ती गेली. त्याला आता महिना होऊन गेला. रडून झालं, जेवण गोड लागेना तेही झालं. आता मला तिच्याबद्दल ऐटीत सांगायचं आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी शेषराव, आमच्या गावाचा पाणी सोडणारा. जानेफळकडून येताना डाव्या हाताला आमचं गाव लागतं. सात गल्ल्या, एक टाकी, आणि ठिकठिकाणच्या खड्ड्यांत बसवलेले व्हॉल्व्ह. लांब दांड्याची लोखंडी चावी घेऊन ते फिरवायचे, एक गल्ली बंद करायची, दुसरी सोडायची, हे काम मी बावीस वर्षं करतो आहे, आणि अजून कंत्राटावरच आहे. वंदना ग्रामपंचायतीत संगणकावर बसायची. जन्माचा दाखला, रहिवासी दाखला, घराचा उतारा, सगळं तिच्याच हातून निघायचं. माहेर तिकडं सोनाळ्याचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. आमच्या गावात सून म्हणून आली तेव्हा तिचा आवाज कोणाला ऐकू येत नसे. पुढे तोच आवाज सरपंचाला खोलीबाहेरून ओळखू यायला लागला! मला ती काकाजी म्हणायची, पण मानानं वागवलंच असं काही नाही. चूक दिसली की तोंडावर सांगायची.

रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एकच तमाशा असायचा. "आमच्या गल्लीले पाणीच नाही आलं." मी म्हणायचो, "सोडलं होतं मी." "कवा सोडलं? मले त नाही दिसलं." मग आवाज चढायचे, जुनी भांडणं उकरली जायची, कोण कोणाच्या पार्टीचा तेही निघायचं, आणि खरं काय ते कोणालाच कळायचं नाही. वंदना आतून हे ऐकत दाखले छापत बसायची. एकदा तिला जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं पडद्यावर मोठमोठ्या कार्यालयांचे डॅशबोर्ड दाखवले, म्हणजे कामाचा सगळा हिशोब रंगीत नकाशात, कोणीही उघडून पाहावा असा. परत आली ती डोक्यात खूळ घेऊनच. दोन महिने खपून तिनं आमच्या गावाचा नकाशा संगणकावर उभा केला. कोणत्याही घरानं मोबाईलवरून 'पाणी आलं' किंवा 'नाही आलं' दाबायचं. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी ओट्यावर येऊन सांगायचं. बहुतेक घरी पाणी आलं तर गल्ली हिरवी, नाहीतर लाल. ओट्यावर एक जुना टीव्ही लावला, त्यावर सगळं गाव दिसायचं. डॅशबोर्ड हा शब्द कोणाच्या जिभेवर बसला नाही, लोक त्याला फळाच म्हणायला लागले.

मला काय राग आला होता म्हणून सांगू! वीस वर्षं उन्हातान्हात खड्ड्यात वाकलो, आणि आता माझ्या नोकरीची परीक्षा भर ओट्यावर? मी तिला म्हणालो, "वंदना, माह्या कामाची जत्रा मांडून राह्यली का तू?" ती म्हणाली, "काकाजी, तुमी पाणी सोडता हे मले ठाव हाय. गावालेबी दिसू द्या न." मी चावी खांद्यावर टाकून निघून आलो. आणि त्या रागात, आज सांगायला लाज वाटते, पिठाच्या गिरणीवर, पानटपरीवर, जिथं चार माणसं भेटतील तिथं हसत हसत म्हणत सुटलो, "दाबा बाप्पा लाल! शेषराव घरी बसला का मंग नवा माणूस आणा." गंमतीनंच म्हणायचो... पण गंमत अर्धीच होती.

गावानं ते मनावर घेतलं. पहिल्या आठवड्यापासून सातही गल्ल्या हिरव्यागार. सरपंच खूश. तालुक्याहून साहेब आले, फळ्यासमोर उभे राहून फोटो काढून गेले, वंदनाला म्हणाले, जिल्ह्याच्या बैठकीत तुमचं गाव दाखवायचं. लोक तिला पेढे मागायला लागले. मीही छाती काढून फिरत होतो. पण खरं काय ते मला ठाऊक होतं. सातवी गल्ली म्हणजे माळावरची वस्ती. तिथं चढ आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी पाणी निम्म्या वाटेवर दम टाकतं. वरच्या दहा-बारा घरांना करंगळीएवढी धार, तीही घटकाभर. त्याला इलाज एकच, मध्ये एक जादा मोटर बसवायची. ती जिल्ह्याकडून मिळणार, आणि मिळणार कोणाला, तर ज्यांच्याकडे पाणी पोचत नाही अशी नोंद असेल त्यांना. आमच्या नोंदीत तर माळ हिरवागार होता.

बैठकीच्या आधी आठ दिवस वंदना सकाळी माळावर गेली. कोणाला सांगितलं नाही. अगदी टोकाला शमीमभाभीचं घर. त्यांचा धनी बांगड्यांचा फिरता धंदा करतो. भाभी दोन कळश्या घेऊन हापशीवरून चढ चढत येत होत्या, आणि वंदनाच्या हातातल्या मोबाईलवर त्याच घरानं दहा मिनिटांपूर्वी 'पाणी आलं' दाबलेलं. वंदनानं एक कळशी आपल्या कमरेवर घेतली आणि विचारलं, "भाभी, हे काऊन दाबलं?" भाभींनी दुसरी कळशी खाली टेकवली. मग म्हणाल्या, "शेषरावभाऊची नौकरी जाईन म्हणते सारं गाव. माह्या पोरीच्या लग्नात त्या माणसानं दोन दिवस टाकीवरून पाणी आणून टाकलं ताई. त्याच्या पोटावर मी पाय देऊ काय? दोन कळश्या आणल्या हापशीवरून त काय मरते मी?"

तिथून ती तडक माझ्याकडे आली. मी बाजारगल्लीच्या खड्ड्यात वाकलेलो. वरूनच म्हणाली, "काकाजी, तुमाले जीव लावते माळ. अन् तुमी त्या जिवाचं काय केलं?" मी म्हणालो, "मी कोठी सांगतलं कोणाले दाबा म्हणून?" ती म्हणाली, "गिरणीवर काय बोलले ते मले समजलं." भर बाजारात माझ्याहून वीस वर्षांनी लहान बाई मला बोलत होती आणि मी वाकून चावीच फिरवत राहिलो. मग तिचाच आवाज उतरला. म्हणाली, "चूक तुमची एकट्याची नाही. माहीबी हाय. मी इचारलंच वाकडं."

हे वाकडं म्हणजे काय ते तिनं ग्रामसभेत सांगितलं. एरवी ग्रामसभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या, त्या दिवशी बायकाही आल्या होत्या, कारण गावाचं कौतुक होणार असं ऐकलं होतं. वंदना उभी राहिली. म्हणाली, "हा हिरवा नकाशा खोटा हाय." सरपंच खुर्चीतून अर्धे उठले. ती थांबली नाही. "पाणी आलं का असं मी इचारलं, अन् तुमच्या डोळ्यापुढे काकाजी उभे राह्यले. पाण्याबद्दल कोणी सांगतलंच नाही, सारे काकाजीले सांभाळत बसले. आता मी दुसरं इचारते. तुमच्या घरी किती हंडे भरले? बस, तेवढं सांगा. अन् काकाजी त्यांचं स्वतः लिवतील, कोणत्या गल्लीत किती वाजता चावी फिरवली. चावी फिरली अन् हंडे नाही भरले, त दोष माणसाचा नाही, नळाचा हाय. हे फळ्यावर सगळ्याइले दिसन." सरपंच म्हणाले, "अवं पण जिल्ह्यात आता हिरवं दाखवायचं होतं न? चांगलं चाललं होतं, काऊन लाल करून राह्यली?" तेव्हा मागून शमीमभाभी उठल्या. उभ्या आयुष्यात त्या सभेत बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "माह्याकडे आज एकच हंडा भरला. तोबी अर्धा. लिवा ताई." मग दुसरी उठली, दीड हंडा. तिसरी म्हणाली, माझा तर काहीच नाही... मी मान खाली घालून बसलो होतो. तरी शेवटी उठलो आणि म्हणालो, गिरणीवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं.

हंड्याच्या बाबतीत आमच्या बायका खोटं बोलत नाहीत, हे वंदनानं बरोबर हेरलं होतं. पाणी आलं का, याला माणूस मनाला येईल ते उत्तर देतो. हंडे किती भरले ते बाईनं हातानं उचललेलं असतं. चार दिवसांत माळ लालभडक झाला, आणि माझ्या नावापुढे मात्र रोजची वेळ लागलेली, एक दिवस चुकलेला नाही. इतक्या वर्षांत माझ्या कामाची अशी साक्ष कोणी दिली नव्हती, आणि मी मूर्ख त्याच फळ्याला शिव्या घालत होतो!

जिल्ह्याच्या बैठकीला तिनं मलाही नेलं. गार हवेची मोठी खोली, आलेल्या प्रत्येक गावाचा नकाशा हिरवा. आमचा पडद्यावर आला तसा कोणीतरी हसला. समोरच्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, स्वतःच्या गावाचं लाल दाखवायला आणलंत?" वंदना म्हणाली, "हो सर. हे लाल खरं आहे म्हणून बाकीचं हिरवंही खरं धरा." शुद्ध मराठीत बरं का! एसटीत बसून तेवढं एक वाक्य तिनं पाठ केलं होतं. साहेबांनी तिला पुढं बोलावलं. माळावर बोट ठेवायला लावलं, एकेका घराचे हंडे वाचले, माझ्या चावीच्या वेळा वाचल्या. परत येताना ती खिडकीला डोकं टेकून झोपली, आणि मी मेहकरपर्यंत शेजारच्या अनोळखी माणसाला ही आमच्या गावची सून म्हणून सांगत होतो. पुढच्या उन्हाळ्याच्या आत मोटर आली. शमीमभाभीकडे पहिल्याच दिवशी बारा हंडे भरले, त्यांनी शेवया करून ओट्यावर आणल्या.

मग लोकांना फळ्याची चटकच लागली. बाया ओट्यावर येऊन टीव्हीवर बोट दाखवत भांडायला लागल्या, पण आता भांडणात वेळ आणि आकडा असायचा. आमच्या गल्लीत मंगळवारी वीस मिनिटं कमी का, म्हणून मला जाब विचारायच्या, आणि मला जाब द्यावा लागायचा. वंदनानं मग दाखले किती दिवसांत मिळतात तेही फळ्यावर टाकलं, म्हणजे स्वतःलाच जाब विचारायची सोय करून ठेवली. तोवर आजारानं तिला धरलं होतं. आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला जायची, आणि ज्या दिवशी नसायची त्या दिवशी तिच्या रखडलेल्या दाखल्यांची रेघ फळ्यावर लाल व्हायची. मी म्हणायचो, "अवं, आजारी माणसाचं कशाले दाखवते? काढून टाक ते." तर म्हणायची, "माळाले एक न्याय अन् मले दुसरा का काकाजी?" तेव्हा मला तिचा राग यायचा. आता नाही येत.

ती गेली त्या सकाळी माझ्या दोन गल्ल्या सोडून झाल्या होत्या. तिसरीची चावी लावत होतो आणि तिच्या नवऱ्याचा, गजाननचा फोन आला. तो नुसता रडत होता. चावी तिथंच राहिली. दुपारी तिला आणलं, संध्याकाळी सगळं आटोपलं. हिवरा आश्रमापासून माणसं आली होती, माळ तर सगळा खाली उतरला होता. त्या दिवशी उरलेल्या पाच गल्ल्यांत मी पाणी सोडलंच नाही. अशा दिवशी कोण कशाला फळ्यावर काही लिहील, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर गेलो तर दोन गल्ल्या हिरव्या आणि पाच लालभडक. घर न् घर उघडून पाहिलं. शून्य. शून्य. शून्य. शमीमभाभी, शून्य. माझं डोकंच फिरलं. अरे लेकहो, मयतीच्या दिवशी तरी शेषरावला सोडायचं होतं! तसाच वंदनाच्या गल्लीवर बोट टेकवलं. तिच्या घरापुढेही शून्य.

मी उठलो आणि तिच्या घरी गेलो. तिची सासू, आमच्या वहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे सुजलेले. अक्षरओळख नाही, पण हंड्याचं चित्र कुठलं आणि आकडा कुठं दाबायचा हे सुनेनं शिकवलेलं. मी म्हणालो, "वहिनी, काल तुमीबी शून्य दाबलं?"

"हाव. नव्हतं आलं. शेजारच्या बायाइनं आणून टाकलं पाणी."

"अवं पण कालच्या दिवशी..."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "भौ, तिनंच त शिकवलं. तिच्याच दिवशी मी खोटं कसं दाबू?"

मी तिथंच पायरीवर बसलो आणि पोटभर रडलो. मग तिसऱ्या गल्लीच्या खड्ड्यातली चावी शोधून काढली आणि नऊ वाजायच्या आत पाचही गल्ल्या सोडल्या. दुपारी फळ्यावर वहिनींनी नऊ हंडे टाकले होते.