बारदान वजा करून

वडील मार्केट यार्डात मिरचीची पोती वाहणारे हमाल होते. किडन्या गेल्या, पाठीवरचं पोतं सुटलं आणि घर आईच्या धुण्याभांड्यांवर आलं. घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून रिपोर्टांची फाइल माझ्याकडे.

छातीत जरा दुखलं की दवाखान्यात ट्रोपोनिन तपासतात. हृदयाला इजा झाली की ते रक्तात वाढतं. वडिलांचं मात्र किडनीमुळे कायमच वाढलेलं असतं. नेहमीच्या डॉक्टरांनी मला हे नीट समजावलं होतं. पण इमर्जन्सीत दर वेळी नवा डॉक्टर. दोनदा हार्ट ॲटॅक समजून आयसीयूत ठेवलं, त्यात डायलिसिस लांबलं आणि अंगात पाणी साठलं.

तिसऱ्यांदाही तेच. "ट्रोपोनिन हाय आहे. ॲटॅकच."

"अहो, मागचा आकडा तरी बघा." मी फाइल पुढे केली.

"आपण डॉक्टर आहात?"

"नाही. पण वाचता येतं."

स्ट्रेचरवरून वडील वैतागून म्हणाले, "साहेब, पोतं तोललं की रिकाम्या बारदानाचं वजन वजा करतात. माझ्यात मिरची किती अन् नुसतं बारदान किती, ते आधी बघा!"

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी फाइल उघडली. ईसीजी जुन्यासारखाच होता. तीन तासांनी पुन्हा रक्त तपासलं, तर आकडाही मागच्याइतकाच. ॲटॅक नव्हता.

त्या दिवशी डायलिसिस वेळेवर झालं आणि वडिलांचा नेहमीचा आकडा फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या सहीनिशी लिहून मिळाला.