मयतीचं भजन

नांदेडला पवित्र संगीताचा जागतिक महोत्सव होता आणि त्यात माझे अप्पा गाणार होते. खटपट सगळी माझी. उदगीरच्या महादेवाच्या देवळात अप्पांनी जन्मभर भजनं म्हटली. एकदा तरी बाहेरच्यांनी त्यांना ऐकावं, एवढीच माझी हौस. काकांच्या मयतीत मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मी आयोजकांना धाडला होता. त्यात अप्पांचा आवाज फार लागला होता.

एसटीनं दुपारी पोचलो. मंडपात रेशमी कुर्ता घातलेला, गळ्यात ओळखपत्र लोंबणारा एक पुण्याचा संयोजक भेटला. तो मला पाहताक्षणी डोक्यात गेला. ‘अप्पाजी, अप्पाजी’ करत त्यानं अप्पांच्या खांद्यावर हात टाकला, वर छापील पत्रिका दिली. अप्पांच्या नावापुढं व्हिडिओतलंच भजन होतं.

आमच्यात मयताला बसवून मातीला नेताना ते म्हणतात. एरवी कुणी गुणगुणतसुद्धा नाही.

मी म्हणालो, “ते दुसरं म्हणतील.”

“छे, छे, तेच तर अस्सल आहे! परदेशी पाहुणे खास त्यासाठी आलेत.”

अस्सल म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अप्पांनी मात्र पत्रिका नीट घडी करून त्याच्या हातात दिली.

“म्हन्तो की,” ते म्हणाले. “मयत कुठाय?”

तो हसला. त्याला तो विनोद वाटला! अप्पांनी टाळ पिशवीत घातले आणि चालू लागले. मी मात्र मागं थांबून त्याला नको नको ते बोललो. तुझ्या घरचं कुणी गेलं की बोलव, असंही म्हणालो. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

परतीच्या एसटीत अप्पा खिडकीबाहेर बघत बसले. मी संयोजकाला शिव्या घालत होतो. उदगीर जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, “त्यो परका हाय. त्याला काय ठावं? तुला तर ठावं होतं.”

“हाव,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“मग मी गेल्यावर म्हन्शील का ते? येतं का तुला?”

मला त्यातली एक ओळही येत नव्हती. माझ्याकडं फक्त व्हिडिओ होता.